तेवीस दाणे

११ ऑक्टोबर

तेवीसच! पाकीट उलटं करून झटकलं, कोपरे चाचपले, टेबलाखाली बॅटरी मारून पाहिलं. तेवीस.

केंद्रप्रमुख सर म्हणाले, "शिंप्याचा वाटाणा. यंदा लावून वाढवायचा. तुम्हीच लावा, बाई." आणि पाकीट माझ्या हातात देऊन निघूनही गेले. जणू चहाचा कप दिला!

हा वाटाणा दुसरीकडे कुठेही नाही. एका शिंपीकाकांची बायको दरवर्षी अंगणात लावायची, आणि तिच्या आधी तिची आई. बायको गेली, घर विकलं, काका गॅलरीही नसलेल्या खोलीत राहायला आले. तेव्हा चौदा वर्षांपूर्वी त्यांनी बरणीभर दाणे आमच्या बियाणे केंद्रात ठेवायला दिले. मग दर दोन वर्षांनी उगवण चाचणी – प्रत्येक चाचणीला मूठभर गेले. आणि कोणी वेळेवर नवीन पीक घेतलं नाही. उरले हे.

आता काकांचं पत्र आलंय. मुलीने अंगण असलेलं घर घेतलंय. "हिच्या वाटाण्याचे वीस दाणे परत मिळाले तर फार बरं होईल." खाली सही, सहीखाली 'शिंपी', म्हणजे आम्हाला दुसरा कोणी वाटू नये.

एकतीस डिसेंबरला माझा करार संपतो. कायम करायची शिफारस सर करणार आहेत. करतीलच असं नाही. तेवीस दाणे आणि माझी नोकरी – दोन्ही एकाच पाकिटात घालून दिलंय मला.

१२ ऑक्टोबर

दाणे पांढऱ्या कागदावर मांडून पाहिले. बहुतेक पिवळट, गुळगुळीत. चार मात्र मळकट, तपकिरी, बारीक ठिपक्यांचे. जुने झाले की पडतो असा रंग. हे चार मेलेलेच समजायचे. तरी टाकवेना. शेवटच्या कुंड्यांत लावीन, वीस ते तेवीस.

नेलकटरने एकेका दाण्याच्या सालीला टवका काढला, पाणी आत शिरावं म्हणून. नवव्या दाण्याला फार खोल लागलं. रडायचीच तेवढी बाकी राहिले. माळीमामा दारातून म्हणाले, "बाई, वाटाणा सोलताय की ऑपरेशन करताय?"

दोन्ही!

१३ ऑक्टोबर

सगळे ओल्या टिपकागदात. सकाळी, दुपारी आणि निघताना उघडून पाहिलं. एवढं उघडल्यावर त्यांना तरी उगवायची काय सोय!

१७ ऑक्टोबर

अकरा फुटले. कोंब पांढरे, नखाएवढे.

नवरा म्हणतो, "अकरा आले ना, मग हस की." त्याला कोण सांगणार, बारा नाही आले! तो लिफ्ट दुरुस्त करतो. बारा मजल्यांवर दोरावर लोंबकळून काम करतो आणि घरी येऊन ढाराढूर झोपतो. मी जमिनीवर बसून वाटाण्याला घाबरते.

२० ऑक्टोबर

पंधरा. गंमत म्हणजे ते चारही मळकट दाणे फुटले, आणि चांगले जोमदार! मेलेले धरले होते. नववाही फुटला. उरलेल्या आठांना बुरशी आली, त्यांची आशा सोडली.

पंधरा कुंड्या शेडनेटमध्ये नेल्या. नंबर तेच ठेवले. तारेच्या जाळीचा पिंजरा करून घेतला. पाखरं, उंदीर, गोगलगाई – मला आता सगळीकडे दातच दिसतात.

२९ ऑक्टोबर

एक गेलं. काल टवटवीत होतं, आज बुडाशी काळं पडून आडवं. पाणी जास्त झालं. कोणाच्या हाताने? माझ्याच.

सरांना सांगायला गेले. ते खाली मान घालून लिहीत होते. म्हणाले, "एक गेलं म्हणून आलात? काल पाणी किती घालू विचारलंत, परवा काठी कुठली लावू विचारलंत. जातीचं कार्ड आहे, नियमांची वही आहे. वाचता येतं ना? जरा स्वतःचं डोकं चालवा, बाई."

रागावून नाही बोलले. म्हणूनच जास्त लागलं. खरंच आहे, लहानपणापासून मी भित्री भागूबाई. शाळेत पेन्सिलीला टोक काढायचं तरी बाईंना विचारून.

आता काही विचारायचं नाही.

३ नोव्हेंबर

चौदा. तणावे सुटले. सुतळी धरून वर चढताहेत. आज पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून बरं वाटलं – मोजून पाच मिनिटं.

१२ नोव्हेंबर

सातव्या कुंडीच्या पानांवर पांढरी पूड. भुरी! जुनी पानं खुडली, फवारा मारला, कुंडी लांब ठेवली. उरलेल्या तेरांवर भिंग घेऊन फिरले. घरी आले तर भाजीत मीठ दोनदा. नवऱ्याने एक घास खाल्ला, पाणी प्याला, म्हणाला, "वाटाण्याची तब्येत कशी आहे?"

१८ नोव्हेंबर

सातवी गेली. तेरा. सरांना सांगितलं नाही.

२५ नोव्हेंबर

सरांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन. तीन आठवडे सुट्टी. जाताना किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला. "तपासणीचे लोक पंधरा तारखेनंतर येतील. तोवर मी येतोच. अगदी आग लागली तरच फोन करा."

एवढी वर्षं त्या किल्ल्या त्यांच्या कमरेला पाहिल्यात. माझ्या पर्समध्ये त्या दर पावलाला वाजतात आणि दर पावलाला मी दचकते.

३० नोव्हेंबर

कळ्या!

१ डिसेंबर

नऊ झाडांवर पांढरी फुलं. चार झाडांवर – कसं लिहू – जांभळी! वरची पाकळी फिकी, आतल्या दोन गडद. पानाच्या बेचक्यातही जांभळं कडं. दिसायला फार सुरेख. पण कार्डावर सरांच्या टपोऱ्या अक्षरात स्वच्छ लिहिलंय : 'फूल पांढरे.'

म्हणजे भेसळ. कधीतरी, कुठूनतरी दुसऱ्या वाटाण्याचे दाणे मिसळलेत. नियमांची वही काढली. पान चाळीस. 'जातीच्या वर्णनाशी न जुळणारे झाड फूल दिसताच, त्याच दिवशी मुळासकट उपटावे.' त्याच दिवशी. खाली लाल रेघ.

फोन हातात घेतला होता. सरांचा नंबरही काढला. मग आठवलं – वाचता येतं ना? आग तर लागलेली नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून पडलेल्या माणसाला काय विचारू, की कार्डावर पांढरं लिहिलंय, म्हणजे पांढरंच ना?

उपटली. चारही. मुळांना माती घट्ट धरून होती, दोन हातांनी ओढावं लागलं. माळीमामांकडे दिली. नोंदवहीत लिहिलं : 'भेसळ ४, काढली. शुद्ध ९.' सही केली. अक्षर अजिबात हललं नाही.

आयुष्यात पहिल्यांदा न घाबरता, कोणाला न विचारता एक निर्णय घेतला. नवऱ्याला सांगितलं. त्याने टाळ्या वाजवल्या.

४ डिसेंबर

नऊ झाडं, शेंगा धरू लागल्यात. शांत झोप लागते. मलाच माझं नवल वाटतं.

९ डिसेंबर

हे लिहायलाच हवं. नाही लिहिलं तर छाती फुटेल.

शिंपीकाका आले. न कळवता. वाळकुडे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन टाचण्या. म्हणाले, "ताई, इकडे एक गिऱ्हाईक होतं, म्हटलं वाटाण्याला भेटून जावं." मी मोठ्या दिमाखात शेडनेटमध्ये नेलं. अगदी माझी लेक दाखवावी तशी.

ते झाडांपुढे उभे राहिले. बराच वेळ. एकेका वेलीपाशी वाकले. मग म्हणाले, "अजून रंग चढायचाय का?"

मी म्हटलं, "कसला रंग, काका?"

त्यांनी खिशातून दोऱ्याचं एक लहान रीळ काढलं. थोडासाच दोरा उरलेला. जांभळा. "आमच्या हिने फूल तोडून दुकानात आणलं होतं. म्हणाली, या रंगाचा दोरा मिळवलात तर खरे शिंपी. चार दुकानं पालथी घातली, तेव्हा हा मिळाला. तिच्या पोलक्याचे काठ यानेच शिवले." रीळ त्यांनी पांढऱ्या फुलाजवळ धरलं. "उन्हाने उतरला असेल का हो रंग?"

खरं जिभेवर आलं होतं, पण तोंडातून निघालं, "असेल, काका. अजून उमलायची आहेत काही."

खोटं! एकही जांभळं उमलायचं नाहीये.

ते हसले. "मग शेंगा वाळल्या की येतो." जाताना पिंजऱ्याची जाळी हाताने दाबून पाहिली. "चांगलं राखलंत," म्हणाले.

ते गेल्यावर याच वहीची मागची पानं उलटली. बारा ऑक्टोबर. 'चार मात्र मळकट… शेवटच्या कुंड्यांत, वीस ते तेवीस.' आणि उपटलेल्या कुंड्या कुठल्या होत्या? वीस, एकवीस, बावीस, तेवीस.

ती चारच खरी होती. उरलेली नऊ दुसरीच कुठलीतरी. भेसळ म्हणून मी शिंप्याचा वाटाणा उपटला आणि भेसळीला काठ्या लावून वाढवते आहे.

१० डिसेंबर

सकाळी आठ वाजता खताच्या खड्ड्यात उतरले. हाताने उकरलं. माळीमामा वरून बघत होते. "काय हरवलं, बाई? अंगठी?" मी म्हटलं, ती चार झाडं. ते म्हणाले, "ती होय! ती खड्ड्यात कशाला टाकू, ताजी होती. वॉचमनच्या शेळीने खाल्ली. मोठ्या चवीने!"

मी खड्ड्यातच बसले. त्यांना वाटलं पाय मुरगळला.

११ डिसेंबर

कामावर गेले नाही. ताप आहे असं कळवलं. खरंच असावा.

दैव देतं आणि कर्म नेतं – आई म्हणायची तेव्हा मी कंटाळायचे. चार दाणे मेलेत असं मी धरून बसले होते. ते चारही उगवले, बुरशीतून वाचले, भुरीतून वाचले, छातीएवढे झाले, फुलले. नेमक्या त्या दिवशी मी शूर झाले!

१२ डिसेंबर

नवऱ्याला सांगितलं. तो नेहमीसारखा हसला नाही. म्हणाला, "सांगून टाक."

"आणि नोकरी?"

"आमच्यात दोर तुटका दिसला आणि बोलला नाहीस, तर पुढचा माणूस खाली. एवढंच मला कळतं."

एवढंच कळतं म्हणे! मला तेवढंही कळत नाही. दिवसभर मनात दुसरंच चाललंय. काका म्हातारे आहेत. आठवण दगा देते म्हणावं. रीळ जुनं, रंग उतरलेला. कार्डावर पांढरं लिहिलंय, सरांचं अक्षर आहे. नऊ झाडांचे दाणे पाकिटात भरून दिले तर कोण काय म्हणणार आहे? नोंदवहीवर 'शुद्ध' अशी माझी सही आहे.

मला भीती वाटते ती पकडली जाण्याची नाही. हे सगळं मला किती पटकन सुचलं, त्याची वाटते.

१४ डिसेंबर

दारावर टकटक झाली की काका असतील असं वाटतं. आज गॅसवाला होता.

१६ डिसेंबर

सर आले. काळा चष्मा, दोन्ही डोळ्यांत थेंब घालायचे, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. बसले आणि म्हणाले, "काय खबर?"

सगळं सांगितलं. फुलं, पान चाळीस, शेळी, रीळ. शेवटी म्हटलं, "सर, शिफारस करू नका. चूक माझी आहे."

त्यांनी विचारलं, "जांभळी किती होती?"

"चार."

"चार!" त्यांनी टेबलाची कड धरली. "म्हणजे जिवंत होते! चार जिवंत होते!"

मला वाटलं, औषधाने डोकं फिरलंय. पण त्यांनी दार लावायला सांगितलं आणि जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते. नऊ वर्षांपूर्वी या वाटाण्याचं पीक घ्यायची पाळी त्यांची होती. उंदरांनी एका दिवसात वाफा साफ केला. पाकिटात तीसेक दाणे उरले. तपासणीला तीनशे हवे होते. तेव्हा ते माझ्याच खुर्चीवर, माझ्यासारखेच करारावर. घरी तान्हं मूल. त्यांनी बियाण्याच्या दुकानातून साधा वाटाणा आणून पाकिटात मिसळला. रंगात फरक होता, पण जुने दाणे तपकिरी पडतातच, कोणी विचारलं नाही. नंतर उगवण चाचणीत कोणी फूल येईपर्यंत वाढवत नाही. जुनं कार्ड फाडलं. नवीन लिहिलं, 'फूल पांढरे', म्हणजे जे उगवेल त्याच्याशी जुळेल.

"मला वाटलं होतं, खरे केव्हाच संपले. तुम्ही लावायला घेतलेत तेव्हा पांढरी येणार हे मला ठाऊक होतं. कार्डाशी जुळलं की तुम्ही पुढे काही विचारणार नाही, म्हणून तर तुमच्या हातात दिलं." चष्म्याखालून पाणी गळत होतं. डॉक्टरांनी रडू नका म्हणून बजावलंय.

मग म्हणाले, "आता नऊ झाडांचे द्या त्यांना. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमच्या शिफारशीचं पत्र मी आजच वर पाठवतो."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. नऊ वर्षांनंतरची मीच समोर बसलेय, असं वाटलं.

१९ डिसेंबर

काकांकडे गेले. सरांना न विचारता. शूर होऊन नाही – जिना चढताना दोनदा परत फिरले.

खोली एवढीशी. मशीन, दिवा, भिंतीला टांगलेले अर्धे कपडे. ते एका पँटची खालची शिलाई घालत होते. म्हणाले, "बसा ताई, एवढं संपवतो." मला वाट बघणं सोसलं नाही. मशीन चालू असतानाच बोलत सुटले. सगळं, फक्त सरांचं नाव न घेता. "केंद्राकडून आधीच मिसळ झाली होती, आणि उरलेली खरी झाडं मी उपटली."

मशीन थांबलं नाही. शिलाई टोकापर्यंत गेली. त्यांनी दोरा तोडला, दुसरी बाजू घेतली.

"चार होती?"

"हो."

"चांगली वाढली होती का?"

"माझ्या छातीपर्यंत, काका."

"आणि फूल?"

मी मशीनवर ठेवलेल्या त्या जांभळ्या रिळाकडे बोट दाखवलं.

त्यांनी मान हलवली. ओरडतील, हाकलतील, सगळ्याची तयारी करून गेले होते. त्यांनी पाणी हवं का विचारलं. जायला उठले तेव्हा म्हणाले, "तुमच्याकडे आणखी पुष्कळांचं असेल ना असं ठेवलेलं?"

"हो."

"त्यांचं तरी नीट राखा."

रस्त्यात कडेला बसून रडले. माणसं वळून बघत होती. बघू देत.

२० डिसेंबर

काम होत नाही. 'त्यांचं तरी.' हे दोन शब्द कानातून जात नाहीत. सगळी पाकिटं ठेवलेल्या थंड खोलीत गेले की अंगातला गारवा बाहेरचा की आतला कळत नाही.

२१ डिसेंबर

पत्र आलं. मी कायम झाले. नवऱ्याने मिठाई आणली. मी डबा न उघडताच ठेवून दिला.

२२ डिसेंबर

सरांना विचारलं, "सर, मिसळ केलीत ती फक्त या एका पाकिटात ना?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. थंड खोलीच्या दाराकडे बघत म्हणाले, "सुरुवातीला लिहून ठेवत होतो, बाई."

आत चौदाशे पाकिटं आहेत.